वहिनींची शेकपिशवी

थंडी वाजणं हा वहिनींच्या मते शरीराचा धर्म नव्हता, गैरशिस्त होती. ज्याला वाजते त्याने आपलं कुठे चुकलं ते आधी बघावं, असं त्या सांगत. आणि सांगताना त्यांच्या अंगात दोन स्वेटर, त्यावर यजमानांचा जुना ओव्हरकोट आणि डोक्याला कानांपर्यंत ओढलेली लोकरीची टोपी असे. कोट त्यांच्या घोट्यापर्यंत यायचा. खाली पातळाच्या निऱ्या तेवढ्या दिसायच्या. धुक्यात त्या समोरून आल्या की आधी कोट दिसे, मग आवाज ऐकू येई, आणि वहिनी सगळ्यात शेवटी पोचत.

मी लग्न होऊन लखनौला आले तेव्हा नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. माझा नवरा हवाई दलात कॉर्पोरल. बख्शी का तालाबच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं, आणि समोरच्या लायनीत, जरा मोठ्या क्वार्टरमध्ये वहिनी राहत. त्या साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान ज्युनियर वॉरंट ऑफिसर होते, पण वहिनी स्वतः त्यांच्याहून दोन हुद्दे वर होत्या. यजमानांना बढती मिळाली तेव्हा त्यांनी दारात येऊन मला सांगितलं, "आम्ही वॉरंट ऑफिसर झालो." यजमान मागे उभे होते. त्यांनी अभिनंदन स्वीकारायला हात पुढे केला, तेवढ्यात वहिनींनी त्यांच्या हातात भाजीची पिशवी दिली.

माझी आणि त्यांची पहिली भेट मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी झाली. भेंडी कोवळी आहे की जून ते बघायला शेंडा दाबावा, तसं त्यांनी माझं बोट दाबून पाहिलं.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "माहेर कुठलं?"

"अकोला."

"तरीच."

अकोल्यात थंडी पडते म्हणजे रात्री पंखा बंद करतात. लखनौची थंडी मला माहीतच नव्हती. नळाचं पाणी हाताला चावायचं. सकाळी धुणं वाळत घातलं की संध्याकाळी ते आणखी ओलं होऊन परत यायचं. पुरुषमाणसं पहाटे धुक्यातून सायकली मारत हँगरवर जायची, आणि तिथे गार लोखंडाला हात लावायचा म्हणजे बोटं बधिर व्हायची. माझा नवरा घरी आला की अर्धा तास त्याला शर्टाची बटणं काढता यायची नाहीत. मी काढून द्यायची. नवीन लग्न होतं, त्यामुळे याबद्दल आमची कुणाची तक्रार नव्हती. पण वहिनींनी ते खिडकीतून पाहिलं आणि वसाहतीतल्या समस्त बायकांना शेकपिशवी शिवायला शिकवायचं ठरवलं.

शेकपिशवी म्हणजे काय, तर फलालीनचे दोन चौकोनी तुकडे घ्यायचे, हाताच्या पंजाएवढे. सुलट्या बाजू आत करून तीन बाजू शिवायच्या, चौथ्या बाजूला दोन बोटं जातील एवढी फट ठेवायची. मग पिशवी उलटवायची, फटीतून तांदूळ भरायचे, गच्च नाही, पाऊण पिशवी, म्हणजे मुठीत धरली की ती हाताच्या आकाराची होते. वासाला चिमूटभर ओवा. फट शिवून टाकायची. निघायच्या आधी तव्यावर मंद आचेवर उलटसुलट शेकायची आणि खिशात टाकायची. झालं. दुसऱ्या कुणी हे चहा होईपर्यंत शिकवलं असतं. वहिनींना त्याला अख्खा हिवाळा लागला.

दुपारी क्वार्टरांच्या मागच्या मैदानात ऊन यायचं. तिथल्या बायका खाटा टाकून मटार सोलायच्या, स्वेटर विणायच्या. वहिनी मधोमध खुर्ची मांडून बसत. विणकामाबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "विणणं म्हणजे हात हलवत चहाड्या करायची सोय," असं त्या म्हणत. शिवताना मान खाली घालावी लागते, म्हणून शिवण चांगलं. त्यातही टाका हवा तो उलटा. एक पाऊल पुढे, अर्धं मागे, पुन्हा पुढे. मी पहिल्याच दिवशी सरळ धावदोरा घातला, तर त्यांनी माझ्या हातून कापड काढून घेतलं, दोऱ्याचं टोक धरून ओढलं, आणि माझी अख्खी शिवण एका झटक्यात त्यांच्या हातात आली.

"धावदोरा हा पळपुट्यांचा टाका आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मग ज्यांना मराठी कळत नव्हतं त्यांच्यासाठी हिंदीत पुन्हा म्हणाल्या, "ये भगोड़ों का टाका है." तिथे बसलेल्या एका शेजारणीला ते फार लागलं, कारण तिचा दीर खरोखरच घरातून पळून गेलेला होता. त्यावरून तिचं आणि वहिनींचं जे वाजलं ते पुढचे काही आठवडे चाललं, आणि वहिनींची तब्येत तेवढ्या काळात फार छान होती.

पिशव्या झाल्या, पुरुषांच्या खिशात गेल्या. हँगरवर त्यांना 'खिचड़ी' म्हणायला लागले. कुणी त्यावर कोपर टेकायचा, कुणी ती खिडकीचं दार आपटू नये म्हणून फटीत सारायचा. माझा नवरा ती सायकलच्या सीटवर ठेवून वर बसत असे. वहिनींनी एकदा त्याला रस्त्यात थांबवून विचारलं, "पिशवीनं फरक पडतो का?"

"पडतो ना वहिनी," तो म्हणाला. "खूप."

फरक नेमका कुठे पडतो ते त्याने सांगितलं नाही.

वहिनींचे यजमान मात्र दोन्ही खिशांत एकेक पिशवी घेऊन जात आणि तशीच परत आणत. फार शांत माणूस. ते बोलतात की नाही याबद्दल मला बरेच दिवस शंका होती. संध्याकाळी ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचायचे. त्यांची एकुलती एक मुलगी, तिला घरात बेबी म्हणत, कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिचा जन्म जोधपूरचा, शाळा तेजपूर, आग्रा आणि लखनौची. मराठी तिला सगळं कळायचं, पण तोंडातून निघायची ती हिंदीच. वहिनी मराठीत रागवायच्या, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि त्यामुळे त्या दोघींचं भांडण शेजारच्यांना नेहमी अर्धंच समजायचं.

तांदळाच्या पिशव्यांचा शेवट हिवाळी मेळ्यात झाला. दरवर्षी वसाहतीतल्या बायका खाण्याचे, विणकामाचे स्टॉल लावत आणि मोठ्या साहेबांच्या पत्नी ते बघायला येत. वहिनींनी टेबलावर निळी चादर घातली, शेजारी शेगडी, शेगडीवर तवा. या खास प्रसंगासाठी त्यांनी पिशव्यांत आपल्या गावच्या शेतातला तांदूळ भरला होता. तो त्यांनी मागच्या खेपेला गावाहून आणून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता आणि त्या डब्याला कुणाला हात लावू देत नसत. तांदूळ जितका जुना तितका चांगला, हे त्यांनी भाताबद्दल ऐकलेलं होतं.

मॅडम आल्या. पांढरी शुभ्र शाल, सोबत आणखी चारपाच जणी. वहिनी खाडकन उभ्या राहिल्या. त्यांनी तव्यावरच्या दोन पिशव्या उचलून मॅडमच्या दोन्ही हातांत दिल्या आणि वरून स्वतःच्या हातांनी त्यांच्या मुठी मिटल्या.

"पाँच मिनट पकड़िए, मॅडम. फिर बताइए."

मॅडमनी सभ्यपणे धरल्या. वहिनी उलट्या टाक्याचं महत्त्व सांगू लागल्या. या टाक्यातून काही सुटत नाही, असं त्या सांगत असतानाच मॅडमनी मनगटाकडे पाहिलं.

"ये काला-काला क्या है?"

वहिनींनी चष्म्यातून न बघताच सांगितलं, "अजवाइन है, मॅडम."

मॅडम आणखी थोडा वेळ बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अजवाइन चल रही है."

चालतच होती. गारठ्यात डब्याच्या तळाशी महिनोन्‌महिने मुकाट पडलेले किडे तव्याच्या उबेने जागे झाले होते आणि जिथे म्हणून शिवण संपत होती तिथून बाहेर पडून पांढऱ्या शालीवर चढत होते. एक खांद्यापर्यंत पोचला होता. मॅडम खरोखर चांगल्या घरातल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पिशव्या टेबलावर ठेवल्या, "व्हेरी इनोव्हेटिव्ह," म्हणाल्या आणि शाल झटकत पुढच्या स्टॉलवर गेल्या. त्यांच्या सोबतच्या जणींनी मात्र ती गोष्ट संध्याकाळच्या आत सगळ्या वसाहतीत पोचवली.

वहिनींनी चूक मान्य केली, असं कुणाला वाटत असेल तर त्याला वहिनी कळलेल्या नाहीत. "साताऱ्याचा तांदूळ या हवेत राहत नाही," एवढंच त्या म्हणाल्या. किडे साताऱ्याचे नव्हते, लखनौचे होते, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं. मग काही दिवस त्या मैदानात आल्याच नाहीत. बायका आरामात मटार सोलत बसल्या, आणि मला आठवतं, दुपार फार लांब वाटायची.

परत आल्या त्या नवा हुकूम घेऊनच. पिशवीत खाण्याचा जिन्नस भरायचा नाही. वाळू भरून पाहिली, ती शिवणीतून गळून खिशात साचली. मग त्यांना सरकी आठवली. कापसाचं बी, ऊब धरून ठेवतं, आणि गाईशिवाय त्याला कुणी खात नाही. सरकी मिळणार रजया भरणाऱ्यांकडे. वसाहतीपासून सुरुवात करून वहिनी दुकानं बघत गेल्या, पण जिथे गेल्या तिथे त्यांचं दुकानदाराशी बिनसलं. अलीगंज संपलं, निशातगंज संपलं, अमीनाबादेत तर एकाने त्यांना येताना पाहून शटर ओढलं म्हणतात. असं करत करत त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, आलमबागेत पोचल्या. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत एक लहानसं दुकान होतं. एक विधवा बाई आणि तिचा मुलगा मिळून ते चालवत. वहिनी पहिल्यांदा गेल्या तेव्हा बेबीला आणि मला घेऊन गेल्या होत्या, म्हणून ते मी डोळ्यांनी पाहिलं.

"सरकी ओली आहे, गीली है," वहिनींनी पोत्यात हात घालून सांगितलं.

"जी, सुखा देते हैं," मुलगा म्हणाला.

"इसमें कचरा है."

"जी, चुन देते हैं." आणि तो खरंच सूप घेऊन निवडायला बसला.

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात एक कारीगर अर्धवट रजईला लांब लांब टाके घालत होता. "ये धावदोरा क्यों? उल्टा टाका डालो."

"जी, बिलकुल," मुलगा म्हणाला. कारीगरही "जी" म्हणाला आणि धावदोराच घालत राहिला.

परतीच्या टेम्पोत वहिनींनी सरकीचा एक दाणा दाताखाली फोडून पाहिला. मग म्हणाल्या, "माणूस आहे की उशी?" बेबी खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मांडीवर सरकीची पिशवी होती आणि ती दोन्ही हातांनी धरून ती हसत होती. मला वाटलं, आईला हसतेय.

त्यानंतर सरकीचं काम बेबीकडे आलं. कॉलेज शहरात, येताजाता आणता येईल, असा हिशेब. ती आणायची, आणि पुढच्या आठवड्यात त्यातली निम्मी परत न्यायची. कधी दाणा बारीक म्हणून, कधी वास येतो म्हणून. वहिनींना अभिमान वाटू लागला. "पोरगी माझ्यावर गेली," त्या मैदानात सांगायच्या. "मालाच्या बाबतीत तडजोड नाही." घरात एवढी सरकी झाली होती की गोठा असता तर पावसाळ्यापर्यंत पुरली असती. वसाहतीतल्या प्रत्येक बाईला काय चाललंय ते कळलं होतं. वहिनींना सांगायला मात्र एकीलाही धीर होत नव्हता.

सांगितलं बेबीनेच. रविवारची दुपार होती, बाहेर धुकं विरलं नव्हतं म्हणून आम्ही त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसलो होतो. वहिनी आणि मी पिशव्यांच्या फटी शिवत होतो. यजमान वर्तमानपत्र वाचत होते. बेबी आतून आली आणि उभी राहिली.

"मम्मी, बात करनी है."

"सरकी परत द्यायची का?"

"नहीं. सरकी ठीक है." ती म्हणाली. "सरकी हमेशा ठीक थी."

वहिनींची सुई थांबली. "मग दर आठवड्याला कशाला नेत होतीस?"

"मनोज से मिलने."

"कोण मनोज?"

"दुकान वाले," बेबी म्हणाली. 'वाला' नाही, 'वाले'. तो मान वहिनींच्या कानांतून सुटला नाही.

"रजया भरणारा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, हे मला जास्त भीतीचं वाटलं. "पिंजलेल्या कापसात दिवसभर बसणारा. तुझ्या बापाच्या खांद्यावर काय आहे, माहीत आहे ना?"

"पापा के कंधे पर है, मम्मी," बेबी म्हणाली. "आपके नहीं."

मला उठून घरी जायचं होतं, पण दार वहिनींच्या पाठीमागे होतं. मी मान खाली घालून भराभरा शिवत राहिले.

"धावदोरा घालू नकोस," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मग यजमानांकडे वळल्या. "ऐकताय ना? बोला काहीतरी."

यजमानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मागच्या महिन्यात आपली जुनी रजई भरून आणली, आठवतंय?"

"रजईचं आत्ता काय काढलंत?"

"इतक्या वर्षांत अशी ऊब आली नव्हती, म्हणालीस."

"मग?"

"ती त्याच्याकडून भरून आणली. बेबीनं मला आधी सांगितलं होतं. मुलगा बघून यावा म्हटलं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून रजई नेली." एवढं बोलून त्यांना दम लागल्यासारखं झालं. थोड्या वेळाने ते पुढे म्हणाले, "मुलगा चांगला आहे."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही भांड्यांचा आवाज यायची वाट बघत बसलो. काहीच आवाज आला नाही. बेबी तशीच उभी होती. मघाचं वाक्य तिने कितीतरी दिवस मनात घोकलेलं असणार, आणि आता ते बोलून झाल्यावर पुढे काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

वहिनींनी जाहीर केलं की लग्न करायचं तर करा, मी येणार नाही. नवरा, मुलगी, शेजारपाजार, सगळ्यांशी त्यांनी बोलणं तोडलं. माझ्याशी तेवढं ठेवलं, कारण कुणाशी बोलत नाही हे सांगायला तरी कुणीतरी हवंच होतं. एका सकाळी त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या.

"जन्मभर बदल्यांमागं फिरले," त्या म्हणाल्या. "दर गावी नवं घर, नवी माणसं, पहिल्यापासून सुरुवात. म्हटलं, शेवटी साताऱ्याला जाऊ. पोरीचं लग्न तिथं करू, हाकेच्या अंतरावर. नातेवाईक विसरलेत आम्हाला, पण लग्नाला येतील, मग ओळख राहील. आता ही इथंच राहणार म्हणजे तिकडं जाऊन मी कुणाच्या दारात बसू?"

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांना आपण फार बोललो असं वाटलं असावं. त्यांनी नाक पुसलं आणि माझी शेगडी ओट्याच्या चुकीच्या बाजूला आहे, असं मला ऐकवून निघून गेल्या.

मग मुलाची आई आली. भर धुक्यात, आलमबागेहून दोन टेम्पो बदलून, हातात रेवड्यांचा आणि गजकचा डबा घेऊन. वहिनींनी तयारी केली होती. साक्षीला मला बोलावून बसवलं होतं, आणि कोट घातला होता, जो त्या घरात सहसा घालत नसत. ती बाई बुटकी, गोल चेहऱ्याची, हळू बोलणारी. दारात चपला काढून ती चटईवर बसली तेव्हा वहिनींनी तिला खुर्चीवर बस म्हटलं नाही.

"लड़की दिनभर चूल्हे के सामने नहीं बैठेगी," वहिनींनी तोफ डागली.

"जी, क्यों बैठेगी?"

"नौकरी करेगी."

"ज़रूर करे. पढ़ी-लिखी बच्ची है."

"शादी हमारी पद्धत से होगी. अंतरपाट, मंगलाष्टक, सब."

"आपकी बेटी है, बहनजी. आप जैसे कहें."

वहिनींचा श्वास जोरात चालला होता. दारावर धडक द्यायला धावत सुटावं आणि दार उघडंच निघावं, तशी त्यांची अवस्था झाली होती. शेवटी त्यांनी राखून ठेवलेलं बाहेर काढलं. "और मैं शादी में नहीं आऊँगी."

त्या बाईने जरा विचार केला. "जैसा आप ठीक समझें," ती म्हणाली. "तो बारात हम यहीं ले आएँगे, आपके दरवाज़े पर. आपको आना नहीं पड़ेगा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी रेवड्यांच्या डब्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या आणि स्वतः ओढत आणून खुर्ची त्या बाईपुढे ठेवली. "नीचे फर्श गार है," त्या घुश्शातच म्हणाल्या. 'गार' तिला कळलं नसणार. पण ती "जी" म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

लग्न वसाहतीच्या हॉलमध्ये झालं. वहिनी कोट घालून फाटकापाशी उभ्या होत्या, आतून शालू. वरात धुक्यात चुकून पलीकडच्या गावात गेली होती, ती तासाभराने आली, आणि वहिनींनी आलेल्या प्रत्येकाला उशीर झाल्याबद्दल बोलून त्याच्या हातात एकेक गरम पिशवी दिली. मुलाच्या एका काकांनी ती मिठाई समजून दातांनी दोरा सोडवायला घेतला होता. अंतरपाट धरला गेला, नगरकडच्या एका सार्जंटने घशाला मफलर गुंडाळून मंगलाष्टकं म्हटली, आणि अक्षता पडल्या त्या क्षणी वहिनी वळून खांबाआड गेल्या. यजमान त्यांच्यामागून गेले. तिथे त्या रडल्या की त्यांनी यजमानांना रागावलं ते मला ठाऊक नाही. दोन्ही झालं असावं.

पुढच्या वर्षी यजमान निवृत्त झाले. साताऱ्याला न जाता त्यांनी आलमबागेतच, दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. वसाहतीत एकदम शांतता झाली. दुपारी उन्हात बायका विणकाम करू लागल्या आणि कुणी कुणाची शिवण ओढून काढेना.

आमची बदली जामनगरला झाली तेव्हा निघायच्या दिवशी मी वहिनींना भेटायला गेले. त्या दुकानातच होत्या, गादीवर लोडाला टेकून. यजमान बाहेर उन्हात खुर्ची टाकून, नातू मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याच्याशी मराठीत सलग बोलत होते. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बेबी शाळेत शिकवायला गेली होती. जावयाने मला नमस्कार केला आणि तो गिऱ्हाइकाकडे वळला. वहिनी मला जरा बारीक वाटल्या.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"बेबी बरी आहे. जावई बरा आहे. विहीणबाई बऱ्या आहेत," तक्रारी सांगाव्यात तशा स्वरात त्या म्हणाल्या. "सगळे बरेच आहेत." मग पुढे झुकून, जावयाला मराठी येत नव्हतं तरी आवाज खाली आणून, त्या म्हणाल्या, "काल विहीणबाईंना म्हटलं, भाजीत मीठ जास्त झालंय. म्हणाल्या, जी, हो गया होगा. आज म्हटलं, मीठ कमी आहे. म्हणाल्या, जी, रह गया होगा. जावयाला म्हटलं, दुकान चुकीच्या तोंडाचं आहे. म्हणाला, जी अम्मा, है तो. आणि पुढं काही नाही. संपलं."

"चांगलं आहे की मग."

"काय चांगलं?" त्यांचे डोळे चष्म्याआड एकदम ओले झाले. "इथं कुणी भांडतच नाही गं. दिवस जात नाही." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "गाडी किती वाजता तुमची?"

"संध्याकाळी."

"मग बस की. जरा भांडून जा."

चहा समोर होता. मी येताच वहिनींनी वर जाऊन तो स्वतः करून आणला होता, इतरांच्या हातचा त्यांना चालत नसे. मी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हटलं, "खरं सांगू का? तुमचा चहा पहिल्यापासूनच पाणचट असतो. वसाहतीत सगळ्या म्हणायच्या."

वहिनी ताठ झाल्या. त्यांनी लोड पाठीमागून काढून बाजूला सारला, चष्मा पदराने स्वच्छ पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि त्यांच्या गालांवर रंग आला.

"कोण म्हणायचं?" त्या म्हणाल्या. "एकेकीचं नाव सांग."

मी सांगायला सुरुवात केली.